आखातात कामाला निघताय? आधी कागदांचा क्रम लावा

दर दिवाळीच्या आसपास आमच्या पडवीत दोन-तीन पोरं तरी पिशवी घेऊन येऊन बसतात. पिशवीत पासपोर्ट, व्हिसाची झेरॉक्स, मेडिकलचा कागद, दहावीची गुणपत्रिका आणि तळाला एजंटाला दिलेल्या पैशांची चिठ्ठी, तीही मिळाली असेल तर. कागद बहुतेक सगळे असतात, चुकलेला असतो तो त्यांचा क्रम. आधी पैसे दिलेले असतात, मग मेडिकल झालेलं असतं, मग व्हिसा आलेला असतो, आणि विमानाला चार दिवस उरले असताना कळतं की पासपोर्ट ईसीआर आहे (म्हणजे नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागणारा) किंवा गुणपत्रिकेवर आडनाव वेगळं आहे. त्या चार दिवसांत कुणीच काही करू शकत नाही.

मी स्वतः सौदीत जुबैलला नऊ वर्षं पाइपिंगच्या कामावर होतो. खाली लिहिलंय ते सौदी, युएई, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन या सहा देशांत कारागीर, ड्रायव्हर, तंत्रज्ञ, हॉटेल कामगार म्हणून जाणाऱ्यांसाठी. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे नोकरी हातात नसतानाही करता येतात आणि तेव्हाच करायचे असतात.

## 1. पासपोर्ट उघडून नीट वाचा

पासपोर्ट आहे म्हणजे काम झालं, असं धरू नका. मुदत बघा. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवेत, पण दोन वर्षांच्या करारावर जाणाऱ्याने एवढ्यावर समाधान मानू नये. दीड-दोन वर्षांहून कमी उरली असेल तर इथेच नवा करून घ्या. तिकडेही दूतावासामार्फत पासपोर्ट निघतो, पण त्यासाठी कामावरून सुट्टी मिळवा, दूरच्या शहरात जा, आणि मग नवा नंबर अकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या ओळखपत्रावर, चढवून घ्या, हे सगळं मागे लागतं.

कोरी पानं दोन तरी हवीत. पान सुटलेलं, भिजून फुगलेलं किंवा फोटोच्या पानाचं प्लास्टिक उचकटलेलं असेल तर तो पासपोर्ट खराब झालेला धरतात. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पासपोर्टांची आपल्याकडे हीच गत होते. तोही बदलून घ्या.

पत्त्याचा गोंधळ कोकणातल्या माणसाचा ठरलेला. घर खेड किंवा मंडणगडला, राहणं नालासोपारा किंवा दिव्याला. अर्जात गावचा पत्ता दिला की पोलीस पडताळणीचा फोन गावच्या ठाण्यातून येतो आणि माणूस मुंबईत कामावर असतो. पडताळणी प्रतिकूल गेली की पासपोर्ट अडकतो. जिथे खरोखर राहता तोच पत्ता द्या, त्याचा पुरावा जवळ ठेवा आणि पडताळणी होईपर्यंत फोन बंद ठेवू नका.

तपासा: पासपोर्ट क्रमांक म्हणजे बहुधा एक अक्षर आणि सात आकडे. तो पाठ करा. पुढे पंचवीस ठिकाणी तो लिहायचाय, आणि लिहिणारा दर वेळी तुम्ही नसाल.

## 2. सगळ्या कागदांवर नाव एक करा

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसरा रकाना. तिकडच्या कंपनीतला कारकून गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द नाव म्हणून टाइप करतो. मग ऑफर लेटरवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. त्यात सावंतचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर डब्ल्यूने आणि दुसऱ्यावर व्हीने. शेखचे तर तीन-चार प्रकार मी एकाच घरातल्या कागदांवर पाहिलेत.

एका संध्याकाळी बसा. पासपोर्ट, आधार, पॅन, दहावीची गुणपत्रिका, आयटीआय किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स आणि अनुभवाचे दाखले एका ओळीत मांडा. वहीत प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख इंग्रजीत, अक्षर न् अक्षर, एकाखाली एक उतरवा. मनात वाचू नका, उतरवा. वाचताना डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो, लिहिताना हात अडखळतो.

फरक सापडला तर काय करायचं?

फक्त शब्दांचा क्रम वेगळा असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून ठेवा आणि कंपनीला आधीच पाठवा. स्पेलिंग वेगळं असेल तर आधार-पॅन पासपोर्टप्रमाणे करून घ्या, ते सोपं पडतं. जन्मतारीख वेगळी असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. मुळातून दुरुस्त करा, वेळ लागला तरी चालेल.

लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींचा प्रश्न यापेक्षा मोठा. आपल्याकडे आडनाव बदलतंच, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि कधी स्वतःचंही बदललेलं असतं. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरचा. राजपत्रातली प्रसिद्धी आणि विवाह नोंदणीचा दाखला हे दोन कागद सोबत नसतील तर नर्सिंगचं प्रमाणपत्र असूनही ते आपलंच आहे हे सिद्ध करता येत नाही.

सावधान: पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच भरून घ्या. नोव्हेंबर 2022 पासून युएई एकच शब्द नाव असलेल्यांना व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर प्रवेश देत नाही. कामाच्या व्हिसावर जात असलात तरी तिकीट काढताना, बोर्डिंग पास घेताना, बँकेत खातं उघडताना प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं.

## 3. ईसीआर आहे का, ते पैसे देण्याआधी बघा

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' हे इंग्रजी शब्द असतात. यालाच आपण ईसीआर म्हणतो. शिक्का नसेल तर तुम्ही नॉन-ईसीआर. पहिली आणि शेवटची पानं दोन्ही नीट पाहा.

ईसीआर पासपोर्टवर ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते, आणि आखातातले सहाही देश त्या यादीत आहेत. ही परवानगी म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली ती प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स देतात. मुंबईत त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. अर्ज मात्र ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून जातो.

आता नेहमीची चूक. दहावी पास झालेल्या कितीतरी पोरांच्या पासपोर्टवर हा शिक्का असतो, कारण अर्ज भरताना एजंटाने शिक्षणाचा रकाना सोडला किंवा गुणपत्रिका जोडलीच नाही. तुम्ही दहावी पास असाल तर गुणपत्रिका घेऊन पासपोर्ट पुन्हा काढा, शिक्का जातो. आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले आणि तीन वर्षांहून जास्त परदेशात राहिलेले यांनाही पुराव्यासह नॉन-ईसीआर मिळतो.

दहावी झालेली नसेल तर ईसीआर पासपोर्टात कमीपणा काही नाही. उलट क्लिअरन्सच्या वाटेने गेलं की करार, पगार आणि विमा सरकारच्या नोंदीत राहतो. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या महिलेचं वय किमान 30 हवं, हे मात्र आधी लक्षात घ्या.

सावधान: "ईसीआर आहे ना, मग व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा बदलून देतो," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवरचा अधिकारी ईसीआर पासपोर्ट, व्हिजिट व्हिसा आणि बॅगेतले सेफ्टी शूज एकत्र पाहिले की काय ते ओळखतो. तिथून परत पाठवलं की तिकिटाचे पैसे बुडतात. आणि पोहोचलातच, तर व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे. पगार बुडाला तरी कामगार म्हणून तुमची नोंद कुठेच नसते.

## 4. एजंट तपासा

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर सगळ्यांना बघता येते. तिथे एजंटाचं नाव आणि परवाना क्रमांक शोधा, परवाना चालू आहे का बघा, आणि तिथे नोंदलेल्या पत्त्यावर स्वतः जा. व्हॉट्सॲपवर आलेल्या परवान्याच्या फोटोवर जाऊ नका. दुसऱ्याच्या परवान्याचा फोटो कुणीही पाठवू शकतो.

गावातला ओळखीचा माणूस, ज्याने अमक्याला दुबईला पाठवलं, तो बहुतेक वेळा सब-एजंट असतो. सब-एजंट ठेवण्याची कायद्यात सोयच नाही. तो कितीही सज्जन असला तरी पैसे आणि मूळ कागद त्याच्या हातात देऊ नका. परवानाधारकाच्या कार्यालयातच द्या आणि पोच घ्या.

परवानाधारक एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा कशाचे पैसे मागतोय हे त्याला लेखी विचारा. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. पावती देत नसेल तर पैसे देऊ नका, मग वडिलांनी कुठून कर्ज काढलंय आणि नोकरीची जागा जाईल की काय, या विचारात पडू नका. जागा राहील की जाईल यापेक्षा घेतलेलं कर्ज फिटेल का, हा प्रश्न मोठा.

'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा' नावाचा प्रकार कायद्यात अस्तित्वात नाही. कफील (व्हिसा देणारा तिकडचा मालक) एक आणि काम दुसऱ्याकडे, असा त्याचा अर्थ. पकडलं गेलं तर शिक्षा कामगाराला होते, विकणारा इथेच असतो.

तपासा: शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला 1800 11 3090 वर फोन करा. भारतातून मोफत आहे.

## 5. ऑफर लेटर आणि करार

करारात पद, मूळ पगार, भत्ते, कामाचे तास, ओव्हरटाइम, राहणं-जेवण, सुट्टी, परतीचं तिकीट आणि कराराची मुदत, एवढं तरी स्पष्ट लिहिलेलं हवं. एकूण रकमेवर भाळू नका, मूळ पगार वेगळा विचारा. सेवासमाप्तीची रक्कम आणि रजेचे पैसे बऱ्याच ठिकाणी मूळ पगारावरच मोजतात. दोन कंपन्यांचा एकूण आकडा सारखा असला तरी मूळ पगार निम्मा असू शकतो.

युएईचं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरीव नमुन्यात येतं. त्यात अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला कळणारी तिसरी भाषा निवडता येते. यादीत मराठी नाही, पण हिंदी आहे. हिंदी मागा. न वाचता सही केली की नंतर "मला कळलं नव्हतं" हे ऐकून घेत नाहीत. तिथला कायदा भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई करतो, हेही माहीत असू द्या.

कतारला जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे. मुंबईत कतार व्हिसा केंद्र आहे. तिथेच करार कळेल अशा भाषेत वाचायला देतात, सही, बोटांचे ठसे आणि मेडिकलही तिथेच होतं. करारावरचा पगार आधी कबूल केलेल्यापेक्षा कमी दिसला तर सही करायची नाही. बाहेर येऊन कंपनीशी बोला.

## 6. प्रमाणपत्रांचं अटेस्टेशन

अटेस्टेशन म्हणजे प्रमाणपत्र खरं असल्याचे सरकारी शिक्के. साध्या मजुरीला हे लागत नाही. शिक्षणावर आधारलेलं पद असेल, जसं तंत्रज्ञ, सुपरवायझर, नर्स, अभियंता, किंवा पुढे कुटुंब न्यायचं असेल, तर लागतं. आधी कंपनीला लेखी विचारा: कोणती प्रमाणपत्रं आणि कोणत्या पद्धतीने?

पद्धती दोन. सौदी, ओमान आणि बहरीन हे हेग अपोस्टिल करारात आहेत (सौदी सगळ्यात शेवटी, डिसेंबर 2022 मध्ये आला). त्यांच्यासाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारा शिक्का, लागतं. युएई, कुवेत आणि कतार त्या करारात नाहीत. त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो, आणि तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा.

दोन्ही वाटांची सुरुवात राज्याच्या पातळीवर होते. शिक्षणाच्या कागदांच्या या पहिल्या शिक्क्याला सगळे एचआरडी म्हणतात. दुसरी वाट एसडीएमची, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची, ती झटपट होते, पण प्रत्येक दूतावासाला किंवा कंपनीला चालत नाही. झटपट म्हणून एसडीएम करून घेतलं आणि कंपनीने परत पाठवलं, की पैसे दुसऱ्यांदा भरा. म्हणून लेखी विचारायचं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो: मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. शिक्का कागदाच्या पाठीवर बसतो, प्लास्टिकवर नाही. माझी दहावीची गुणपत्रिका बाबांनी मायेने लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती. अटेस्टेशनच्या वेळी मी इस्त्री गरम करून ते प्लास्टिक सोडवायला बसलो, आणि 'गणित' लिहिलेली ओळ प्लास्टिकबरोबर निघून आली. तेव्हा रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर बोर्डाखाली होता. दुय्यम प्रतीसाठी कोल्हापूरच्या तीन फेऱ्या झाल्या आणि तोवर पहिली नोकरी दुसऱ्याला गेली. लॅमिनेट झालं असेल तर घरी प्रयोग करू नका, सरळ बोर्डाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करा.

मूळ प्रमाणपत्र देताना दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पोचपावतीवर प्रत्येक कागदाचं नाव लिहून घ्या. "कागद मिळाले" एवढं पुरत नाही.

## 7. मेडिकल आणि कौशल्य चाचणी

आखातासाठीच्या मेडिकलच्या व्यवस्थेला जुने लोक अजून गामका म्हणतात, आता तिचं नाव वाफिद. ऑनलाइन नोंदणी करून पैसे भरले की केंद्र नेमून मिळतं. पासपोर्ट क्रमांक तिथे चुकला तर अहवाल कुणाचाच राहत नाही, म्हणून पावती छापून लगेच तपासा.

ऑफर हातात येण्याआधी हे मेडिकल करू नका. अहवालाला मुदत असते, आणि अनफिट शेरा बसला तर तो आखाती देशांच्या सामायिक नोंदीत जातो. त्याऐवजी आधी गावातल्या डॉक्टरकडे छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घ्या. क्षयरोग होऊन बरा झाला असला तरी फुप्फुसावरचा जुना डाग एक्स-रेमध्ये दिसतो आणि त्यावरून माणसं अनफिट होतात. असा डाग असेल तर एजंटाला पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

युएईला कामाच्या व्हिसावर जाणाऱ्यांचं मुख्य मेडिकल तिकडे पोहोचल्यावर होतं. तिथे अनफिट ठरलं तर परत पाठवतात. म्हणून गावातली तपासणी युएईवाल्यांनीही करावीच.

सौदीला प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा पदांवर जायचं असेल तर तकामुल या सौदी संस्थेची कौशल्य चाचणी भारतात द्यावी लागते. थोडा लेखी भाग, थोडा हाताचा. हाताचं काम येणारे लेखी भागात अडतात, कारण अवजारांची आणि सुरक्षेच्या चिन्हांची इंग्रजी नावं माहीत नसतात. आठवडाभर तेवढीच पाठ करा.

कुवेतसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. ते पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून काढायचं. पोलीस ठाण्यातला साधा चारित्र्याचा दाखला त्याजागी चालत नाही.

## 8. व्हिसा आला. आता तो वाचा

घरात पेढे वाटण्याआधी दहा मिनिटं द्या. व्हिसावर बोट ठेवून पासपोर्टशी ताडा: नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व. मग पदाची ओळ.

पदाची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी वाचत नाही. सौदीच्या व्हिसावर ती अरबीत असते. 'आमिल मंझिली' म्हणजे घरगुती नोकर, 'साइक खास' म्हणजे घरचा खासगी ड्रायव्हर, 'राई' म्हणजे मेंढपाळ. वेल्डरची नोकरी सांगून हातात मेंढपाळाचा व्हिसा आलेली माणसं मी जुबैलच्या कॅम्पात पाहिलीत. घरकामाच्या वर्गातल्या कामगाराला कंपनी कामगाराचे नियम लागू होत नाहीत, आणि मालक बदलणंही अवघड जातं. कुवेतमध्ये हाच फरक आकड्यात असतो: 18 क्रमांक खासगी कंपनीचा, 20 क्रमांक घरकामाचा. कंपनीत लावतो म्हणून 20 चा व्हिसा दिला तर घेऊ नका.

अरबी कुणाकडून वाचून घ्यायचं? आपल्या कोकणात त्याची चिंता नाही. जवळच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांना कागद दाखवा. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा आमच्या शेजारच्या वाडीतल्या मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून पदाची ओळ दोनदा वाचली आणि मगच "जा" म्हणाले.

सौदीच्या कागदांवर तारीख हिजरी सनातली असू शकते. 1447 सारखं वर्ष दिसलं तर घाबरू नका, पण ती नीट बदलून घ्या. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. अंदाजाने मोजलं की व्हिसाची मुदत संपून जाते.

सौदीचा व्हिसा आता बहुधा चिकटवलेला नसतो, 2023 पासून भारतीयांना क्यूआर कोड असलेला छापील कागद मिळतो. "पासपोर्टवर स्टॅम्पिंग कुठाय?" म्हणून एजंटाशी भांडू नका, तो कागद सांभाळा.

तपासा: व्हिसा खरा आहे का ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. दुबईचा व्हिसा दुबईच्या जीडीआरएफए या इमिग्रेशन खात्याकडे, इतर अमिरातींचा आयसीपी या युएईच्या केंद्रीय खात्याकडे, सौदीचा तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. दुबईचा व्हिसा आयसीपीकडे शोधून "सापडत नाही, खोटा आहे" असा निष्कर्ष काढू नका.

## 9. विमा आणि क्लिअरन्स

ईसीआर पासपोर्टवाल्यांनी तिकीट काढण्याआधी हा टप्पा संपवायचा. एजंट तिकीट आधी काढायला लावतात, म्हणजे तुम्ही घाईत राहता.

प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांसाठी हप्ता 275 रुपये, तीन वर्षांसाठी 375, वर लागू असेल तो कर. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण मिळतं. करार दोन वर्षांचा असला तरी तीन वर्षांचा घ्या. वारसाचं नाव स्वतः बघा. एजंटाच्या कार्यालयात घाईत भरलेल्या अर्जांत वारसाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, आणि ते घरच्यांना सर्वांत वाईट दिवशी कळतं. पॉलिसीची प्रत घरी, आई किंवा बायकोच्या हातात द्या, ती कशाची आहे ते समजावून सांगा.

मग ई-मायग्रेटवर पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विमा यांच्या आधारे क्लिअरन्सचा अर्ज जातो. मंजुरी ऑनलाइन येते, छापील प्रत घ्या. तिच्यावरचा पगार आणि पद हातातल्या कराराशी ताडा. एजंट सरकारला एक करार दाखवून तिकडे दुसऱ्यावर सही घेतो, ते इथेच पकडता येतं.

नॉन-ईसीआरवाल्यांना क्लिअरन्स लागत नाही. विमा मात्र तेही घेऊ शकतात, आणि घ्यावा.

## 10. फाइल बांधा

तीन संच करा. पहिला मूळ कागदांचा, तो हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत एकही मूळ कागद जाता कामा नये. दुसरा झेरॉक्सचा, मोठ्या बॅगेत. तिसरा घरी. शिवाय सगळ्यांचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण फोन हरवतो. बारा पासपोर्ट फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, सोबत असू द्या.

एका कोऱ्या कागदावर पेनाने लिहा: कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, घ्यायला येणाऱ्याचा नंबर, भारतीय दूतावासाचा नंबर, घरचा नंबर. उतरल्यावर सिम चालत नाही आणि फोनची बॅटरी संपलेली असते, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

औषधं नेत असाल तर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टण हवंच. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामक आणि खोकल्याची औषधं युएईत नियंत्रित आहेत, परवानगीशिवाय नेऊ नका. आणि फराळाच्या डब्यात खसखस नको. सौदी आणि युएईत ती बंदी असलेली वस्तू आहे. आईने प्रेमाने अनारशांवर लावलेली असते, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा. दुसऱ्याने दिलेला डबा उघडून बघितल्याशिवाय बॅगेत टाकू नका, शेजाऱ्याचा असला तरी.

## 11. विमानतळावर

चार तास आधी पोहोचा. इमिग्रेशनवर विचारतात: कुठे जाताय, काय काम, पगार किती, कुणामार्फत? करारात आहे तेच सांगा. एजंटाने "फिरायला जातोय म्हणून सांग" असं पढवलं असेल तर तो तुमच्या तोंडून खोटं बोलवून स्वतः बाजूला राहतोय. खोटं पकडलं गेलं तर पासपोर्टवर शिक्का तुमच्या बसतो.

उत्तर आलं नाही तर गप्प उभं राहू नका, फाइल पुढे करा.

## 12. उतरल्यावर पहिल्या तीन महिन्यांत

मेडिकल, बोटांचे ठसे आणि ओळखपत्र: सौदीत अकामा, युएईत एमिरेट्स आयडी. सौदीत पोहोचल्यापासून 90 दिवसांत अकामा काढून देणं मालकाचं काम आहे. दोन महिने झाले तरी हालचाल नसेल तर लेखी विचारणा करा, व्हॉट्सॲपवरही चालेल, पण पुरावा राहू द्या.

सौदीत स्वतःच्या नावाचं सिम घेऊन अबशिर आणि किवा ही सरकारी ऑनलाइन खाती स्वतः उघडा. अकाम्यावरचं पद आणि मुदत अबशिरवर दिसते, करार किवावर. कॅम्पातला कुणी "दे, मी उघडून देतो" म्हणून पासवर्ड आपल्याकडे ठेवतो, तसं होऊ देऊ नका. युएईत हेच काम कामगार मंत्रालयाच्या ॲपवर होतं.

पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवणं तिकडच्या कायद्यातही बसत नाही. शिक्क्यासाठी मागितला तर द्या, पण कुणाला आणि कुठल्या तारखेला दिला ते लिहून घ्या. परत मिळाला नाही तर भारतीय दूतावासाकडे किंवा मदद या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करा. युएईत 800 46342 या मोफत क्रमांकावर भारतीय कामगारांसाठी मदत मिळते.

आणि अकामा हातात पडला त्याच दिवशी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरी पाठवा. तिसऱ्या संचात त्याची जागा रिकामी ठेवलेली असते.